कडीकाकूंचं माप

चेनसॉची, म्हणजे लाकूड कापायच्या मशीनची, चेन घ्यायला येणारी माणसं दोन प्रकारची. एक, ज्यांना आपल्याला काय हवं ते माहीत नसतं. दुसरी, ज्यांना ते माहीत आहे असं वाटतं. पहिल्यांना कडीकाकू पाच मिनिटांत वाटेला लावायच्या. दुसऱ्यांना अर्धा तास लागायचा, आणि त्यातली पंचवीस मिनिटं त्यांचा तोरा उतरवण्यात जायची.

त्या दिवशी शटर पुरतं वर गेलंही नव्हतं, तोच दुसऱ्या प्रकारातला एक जण हजर. फळबागेचा मालक. कडक इस्त्रीचा सदरा, बोटात गाडीची किल्ली गरगर फिरतेय.

"अठरा इंची चेन द्या."

"अठरा इंची काय? चेन म्हणजे पायजम्याची नाडी आहे, इंचावर मोजून द्यायला?"

"अहो, बार अठरा इंची आहे. मी स्वतः टेप लावून मोजलाय."

"कुठून कुठपर्यंत?"

"या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणखी कसा मोजतात?"

बार म्हणजे मशीनच्या तोंडातून पुढे आलेली ती लांब, चपटी पोलादी पट्टी. तिच्या कडेनं खोल खाच असते आणि त्या खाचेतून चेन पळते. काकूंनी मागच्या घडवंचीवरून तसलाच एक बार उचलून काउंटरवर ठेवला आणि त्याच्या मागच्या टोकावर बोट आपटलं.

"हा भाग मशीनच्या पोटात जातो. पोटातला भाग लाकूड कापतो का? बाहेर दिसतो तेवढाच मोजायचा. तुमचा सोळाचा असणार. आणि सोळाचा असला तरी तेवढ्यानं भागत नाही. कड्यांमधलं अंतर किती, खाचेत बसणारे खालचे दात किती, आणि खाच किती रुंद, या तीन गोष्टी कळल्या पाहिजेत. तिन्ही जुळल्या तर चेन. दोनच जुळल्या तर गळ्यातला हार."

"काकू, बागेत माणसं खोळंबलीयत."

"खोळंबू देत तासभर. चुकीची चेन नेलीत तर दिवसभर खोळंबतील."

असं म्हणून काकूंनी मान नुसती वर केली. डोक्यावर पाटी होती. पांढऱ्या पत्र्यावर लाल रंगानं, काकूंच्याच हातची: जुना बार दाखवल्याशिवाय चेन मिळणार नाही. बागवाल्यानं ती दोनदा वाचली, काहीतरी पुटपुटला आणि गाडीत जाऊन बसला.

मागच्या खोलीतून आवाज आला, "गेलं गिऱ्हाईक."

"येईल."

"दुसरीकडे गेलं तर?"

"तिथून परत इथंच येईल. येताना तोंड एवढंसं करून."

मागचा आवाज काकूंच्या नवऱ्याचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. इंजिनं उघडणं आणि बंद करणं, एवढंच त्याचं जग. तीस वर्षांत तो काउंटरच्या पुढे आला असेल तो चहाचे कप न्यायला. दुकान म्हणजे एक लांबट खोली, एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला काच कापणारा. पुढे पत्रा ठोकलेलं काउंटर, काउंटरमागची अख्खी भिंत खिळ्यांची, आणि प्रत्येक खिळ्याला वेटोळं करून टांगलेल्या चेन. मागे मिस्त्रीची खोली, त्याच्याही मागे मोकळं अंगण. अंगणात दोन लाकडी घोड्यांवर एक जाडजूड ओंडका कायमचा आडवा, दुरुस्त केलेलं मशीन चालवून बघायला.

काकूंच्या माहेरी कपडे शिवायचं दुकान होतं. वडील गळ्यात टेप घालूनच जेवायला बसायचे. कापडाला कात्री लावायच्या आधी माप, आणि माप दर वेळी नवं, हा त्यांचा नेम. त्यांचा सख्खा भाऊ दर वर्षी सदरा शिवायला यायचा आणि दर वर्षी वैतागायचा. "अरे, मी तोच आहे ना?" वडील टेप उलगडत म्हणायचे, "तू तोच असशील. पोट तेच आहे कशावरून?"

असल्या घरातली मुलगी इंजिनाच्या घरात येऊन पडली. लग्न झालं तेव्हा मिस्त्री दुरुस्तीही करायचा आणि विक्रीही. म्हणजे मागून ओरडायचा, "डावीकडच्या खिळ्यावरची घ्या," आणि गिऱ्हाईक आपल्या हातानं काढून न्यायचं. पहिल्या वर्षात अकरा चेन परत आल्या. कुठली बसली नाही, कुठली बसली ती अडकली, कुठली तासाभरात तुटली. एकदा मशीनवर चढलेली चेन पुन्हा कुणाला विकणार? नव्या सूनबाईंनी त्या अकराच्या अकरा एका खिळ्याला टांगल्या, अगदी दारासमोर, आणि नवऱ्याला सांगितलं, "आजपासून पुढचं मी बघते. तुम्ही मागचं बघा."

मिस्त्रीला मनातून हेच हवं होतं. तो जो आत गेला तो गेलाच.

मग काकू शिकल्या. कुणी शिकवलं नाही, शिकल्या. मोजायची त्यांची रीत अशी: चेन काउंटरवर पसरायची, एका दाताला खडूची खूण करायची आणि तिथून दोन बोटांनी जोडी-जोडीनं पुढे सरकायचं. मोजताना त्या तुमच्याशी बोलायच्या, फोन घ्यायच्या, शेजारच्या टायरवाल्याशी भांडायच्या, पण आकडा चुकायचा नाही. त्यावरूनच त्या कडीकाकू झाल्या. जुना बार हातात आला की आधी खाचेची रुंदी, मग कड घासलीय का, मग टोकाचं चाक फिरतंय का. मशीन तसंच आलं असेल तर चेनचा एक दात अंगठ्यानं बाजूला ढकलून बघायच्या. दात किती कलतो त्यावरून अर्धं दुखणं त्यांना कळायचं.

नियम सगळ्यांना सारखा. एकदा त्यांचा धाकटा भाऊ दोन बस बदलून चेन न्यायला आला, रिकाम्या हातानं. काकूंनी त्याला जेवू घातलं, चहा पाजला आणि तसाच परत पाठवला. "ताई, भावालासुद्धा?" "भाऊ घरी. दुकानात गिऱ्हाईक." ही गोष्ट बाजारात सगळ्यांना ठाऊक होती आणि काकूंना ती कुणी सांगितलेली आवडायची.

पण दिव्याखाली अंधार असतो, तो असा. सगळ्या जगाला लावलेला नियम काकूंनी एका माणसाला लावला नव्हता. तो माणूस म्हणजे ओळंबा.

ओळंबा झाडं पाडायचा. वय सहासष्ट, अंगानं काटक, बोलणं मोजकं. त्याचा काप इतका सरळ उतरायचा की एका गवंड्यानं एकदा पैज लावून त्याच्या कापाला ओळंबा लावून पाहिला. पैज हरला, आणि नाव चिकटलं ते कायमचं. पाठीमागे सगळे ओळंबा म्हणायचे, तोंडावर तात्या. मिस्त्रीचा जुना दोस्त, म्हणून तात्या काकूंना वहिनी म्हणायचे. बावीस वर्षं चेन याच दुकानातून. त्यांचं माप काकूंना तोंडपाठ होतं: खालचे दात बहात्तर, त्यांची जाडी एक पॉइंट तीन मिलिमीटर, म्हणजे खाचही तेवढीच. तात्या दारात दिसले की त्यांनी तोंड उघडायच्या आत चेन काउंटरवर आलेली असायची. तात्यांकडे जुना बार मागायचा म्हणजे देवाकडे ओळखपत्र मागण्यासारखं, असं काकूंना वाटायचं. आणि खरं सांगायचं तर, न मागता देण्यात त्यांना थोडी ऐटही वाटायची.

तर बागवाला गेला आणि तासाभरानं तात्या आले. बरोबर लेक. ती दोर बांधून झाडावर चढायची, वरच्या फांद्या उतरवायची, म्हणून तिला सगळे खार म्हणत. तात्यांनी मशीन काउंटरवर ठेवलं. त्याच्याशेजारी बारचं म्यान ठेवलं. मग कानस, मग पाचरी, तेलाचा डबा, आणि शेवटी कागदाच्या पुडीतली एक नवी कोरी चेन. एकेक वस्तू अशी ठेवली की जणू परत न्यायचीच नाही.

"वहिनी, याला एखादं चांगलं गिऱ्हाईक बघा."

काकूंना वाटलं, नवीन मशीन घ्यायचंय. "का हो? अजून दहा वर्षं चालेल हे."

"हे चालेल. मी नाही चालणार. हात गेला माझा."

मागच्या खोलीतला पान्याचा आवाज थांबला. मिस्त्री हात पुसत बाहेर आला आणि चहाची वेळ नसताना काउंटरपाशी उभा राहिला.

तात्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. सहा महिने झाले, काप सरळ जाईना. सुरुवात सरळ, अर्ध्यावर गेलं की उजवीकडे वळायचं. त्यांनी दातांना कानस मारली, दोन्ही बाजूंचे दात मोजून सारखे केले. चेन बदलून पाहिली. तेच. मग त्यांनी मशीन मनगटानं सांभाळायला सुरुवात केली आणि चारचौघांत निभावून नेलं. पण मागच्या आठवड्यात दवाखान्यामागचं निलगिरीचं मोठं झाड होतं. झाड पडताना त्याला धरून ठेवायला मध्ये थोडं लाकूड न कापता ठेवतात, दाराच्या बिजागरीसारखं. काप तिरका उतरला, ती बिजागरी एका बाजूला पातळ झाली, आणि झाड पडता पडता वळलं. खार दोर धरून जिथे उभी होती, तिथून दोन हातांवर आपटलं.

"मला काही झालं नाही, बाबा. आणि मी काही म्हटलंही नाही," खार म्हणाली.

"म्हणून तर. तू बोलली असतीस तर मी भांडलो असतो." तात्या काकूंकडे वळले. "माझ्या मशीनसमोर माझी लेक उभी असते, वहिनी. हाताचा भरवसा नाही त्या माणसानं मशीन धरू नये. धरणार नाही."

काकूंना गलबलून आलं. बावीस वर्षांत या माणसाला त्यांनी कधी कशाची विनवणी करताना पाहिलं नव्हतं, आणि आजही तो करत नव्हता. निकाल देऊन आला होता. पण गलबलून आलं तरी हात काही स्वस्थ बसत नाहीत. बोलता बोलता काकूंनी मशीन जवळ ओढलं, आणि सवयीनं अंगठा चेनच्या दातावर टेकवून बाजूला ढकलला.

दात कलला. थोडाथोडका नाही, चांगला कलला.

काकूंनी दुसरा दात ढकलला. तिसरा. प्रत्येक दात मोडक्या कुंपणाच्या काठीसारखा आडवा होत होता.

"तात्या," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात एकदम पहिला कडकपणा आला, "हात गेला कोण म्हणतं? ही चेन बघा. खाचेत उभीच राहत नाहीये. अशी डुलणारी चेन सरळ कापेलच कशी? तुमच्या जागी साक्षात विश्वकर्मा आला तरी वाकडंच कापेल. ही चेन माझी नव्हे. कुठून घेतलीत? कुठल्या शहाण्यानं ही तुमच्या गळ्यात मारली, मला त्याचं नाव सांगा फक्त."

तात्या काउंटरच्या पत्र्याकडे बघत राहिले.

"नाव सांगा हो. बाजारात असली माणसं आहेत म्हणून तर..."

"काकू," खार हळूच म्हणाली, "तुमच्याच खिळ्यावरची आहे."

आणि तिनं ती कागदाची पुडी पुढे सरकवली. पुडीवर काकूंच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. बहात्तर. एक पॉइंट तीन.

शेजारी काचवाला काच कापत होता, तेवढाच काय तो आवाज. काकूंनी पाना घेतला, मशीनचं झाकण उघडलं, बार बाहेर काढला आणि त्याच्या शेपटाकडचं तेल फडक्यानं पुसलं. मशीनच्या पोटात दडणारा हाच तो भाग, सकाळी बागवाल्याला दाखवलेला. तेलाखालून कोरलेले आकडे वर आले. बहात्तर. एक पॉइंट पाच.

"हा बार कधीचा?"

"सहा-सात महिन्यांचा," खार म्हणाली. "जुना घासला होता. काम परगावी चाललं होतं, इकडे यायला वेळ नव्हता. मी फोनवरून मागवला. लांबी तीच, दात तेवढेच, मशीनला बसला नीट. चेनही बसली. मला वाटलं, बसतोय म्हणजे बरोबर."

खाच एक पॉइंट पाचची, चेन एक पॉइंट तीनची. फरक केवढा? डोक्याचे तीन केस शेजारी शेजारी ठेवले तर भरून निघेल एवढा. तेवढ्या फटीत चेन सहा महिने कलती पळत होती आणि तात्या स्वतःला म्हातारा समजत होते.

"म्हणजे माझं चुकलं," खार म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "बार मी चुकीचा आणला."

आता इथे काकूंना सोपी वाट होती. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. फोनवरून वस्तू मागवणाऱ्यांवर त्यांचा तसाही राग होता, चार शब्द सुनावले असते तर ते खरेही वाटले असते. त्यातच दारात कोण उभं? बागवाला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला बार लहान बाळासारखा दोन्ही हातांवर घेऊन, आणि कान टवकारून.

काकूंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, आणि मुद्दाम त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नाही गं. बार चांगला आहे, पोलादही चांगलं आहे. त्यावर एक पॉइंट पाचची चेन हवी होती, मी एक पॉइंट तीनची दिली. एकदा नाही, दोनदा दिली. बार बघायला मागितला असता तर मला एका क्षणात कळलं असतं. मी मागितला नाही. चूक माझी आहे. मी न बघता दिली."

बागवाल्यानं वर पाटीकडे पाहिलं आणि मग, बरा माणूस असावा, नजर खाली घेतली.

"चोर सोडून संन्याशाला फाशी. चेन सुटली, हात सापडला," मिस्त्री पुटपुटला.

"पण तात्या," काकूंना राहवेना, "तुम्ही बावीस वर्षं मशीन चालवताय. काप वाकडा जातोय तर एकदा तरी चेनचा संशय यायला नको होता का? मशीन घेऊन यायचं, माझ्या तोंडावर टाकायचं."

तात्यांना प्रश्नच कळला नसावा असं त्यांनी बघितलं.

"दातांना मी स्वतः कानस मारली, ते बघितलं. इंजिन यानं बांधलेलं," मिस्त्रीकडे बोट करून ते म्हणाले. "आणि चेन तुम्ही दिलेली. कडीकाकूंनी दिलेल्या चेनवर संशय कसा घ्यायचा, वहिनी? मग राहिला कोण? हात."

काकूंना तीस वर्षांत कुणी एवढी मोठी शाबासकी दिली नव्हती, आणि इतकं वर्मी लागेल असंही कुणी बोललं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. भिंतीकडे वळून त्यांनी नाक पुसलं, आणि वळल्यासरशी योग्य खिळ्यावरची चेनही काढली. काउंटरवर पसरली, खडूची खूण केली, मोजली. नुसते डोळे मिटून सांगितली असती तरी चाललं असतं, पण मोजली. मग बारच्या खाचेत बसवली, ताण दिला आणि अंगठ्यानं दात ढकलला. दात जागचा हलला नाही.

"चला अंगणात."

तात्या हलले नाहीत. "कशाला?"

"कापून बघायला."

"आणि वाकडा गेला तर?"

तात्यांना काय म्हणायचंय ते सगळ्यांनाच कळलं. इतके दिवस निदान एक कोडं तरी होतं. आता चेन बरोबर, बार बरोबर, इंजिन बरोबर. यानंतर काप वाकडा गेला तर बोट दाखवायला दुसरं काही उरत नव्हतं. तात्या त्यालाच भीत होते. झाडाखाली उभं राहायला न भिणारा माणूस अंगणातल्या एका ओंडक्याला भीत होता.

"तर मी गिऱ्हाईक बघेन," काकू म्हणाल्या. "शब्द देते. पण आधी कापा."

अंगणात सगळे गेले. बागवालाही गेला, त्याला कुणी बोलावलं नव्हतं तरी. तात्यांनी मशीन सुरू केलं, पाय रोवले आणि बार ओंडक्यावर टेकवला. भुसा उडाला. चांगला उडाला, जाडसर, तांदळाएवढा. सुरुवात सरळ. चार बोटं खाली गेला तोवर सरळ. आणि मग काप वळला.

चकती खाली पडली. मिस्त्रीनं काटकोन बघायचा गुण्या लावला आणि तसाच धरून ठेवला. वरून सरळ, खालून तिरपा. खारीनं ओढणी तोंडावर धरली. तात्यांनी मशीन बंद केलं, जमिनीवर ठेवलं आणि हातमोजे काढायला लागले. आधी उजवा, मग डावा. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. माहीत होतं तेच झालं, असा चेहरा.

पण काकू शिवणकामाच्या घरातल्या. कापड बिघडलं की आधी रडायचं नाही, कुठे आणि किती बिघडलं ते बघायचं. त्यांनी चकती उचलली, उलटी केली, ओंडक्याला पुन्हा लावून पाहिली.

"तात्या, सहा महिने काप कुठे वळत होता?"

"उजवीकडे."

"आणि आत्ता?"

तात्यांनी पाहिलं. मग वाकून जवळून पाहिलं.

"डावीकडे."

"डावीकडे," काकू म्हणाल्या. "का सांगू? चेन उजवीकडे ओढत होती, म्हणून तुम्ही मनगट डावीकडे धरायला लागलात. तुम्हीच म्हणालात ना मघाशी, मनगटानं सांभाळलं? आता ओढणारं कुणी नाही, पण मनगट अजून सांभाळतंय. गेलेला हात असली कामं शिकत नसतो, तात्या. गेलेला हात नुसता थरथरतो. तुमचा हात सहा महिन्यांत नवीन गोष्ट शिकला, तीही कुणी न शिकवता. आता ती विसरा आणि पूर्वीसारखं कापा. मनगट सोडा. मशीनला त्याच्या वजनानं जाऊ द्या."

तात्यांनी हातमोज्यांकडे पाहिलं. मग लेकीकडे. खार पुढे झाली, ओंडक्याच्या पलीकडे गेली आणि मोकळं टोक दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. ते टोक धरायची काही गरज नव्हती, ओंडका घोड्यांवर पक्का होता. तरी ती तिथे उभी राहिली, आणि का ते तात्यांना कळलं.

त्यांनी मोजे पुन्हा चढवले.

या वेळी त्यांनी मशीन ओढलंही नाही आणि दाबलंही नाही. नुसतं धरलं. बार आपल्या वजनानं लाकडात उतरत गेला, इंजिनाचा आवाज वरपासून खालपर्यंत एकाच पट्टीत राहिला, आणि चकती खारीच्या पायाशी पडली. मिस्त्रीनं गुण्या लावला. मग गुण्या फिरवून लावला. मग चकती उजेडासमोर धरली, गुण्या आणि लाकूड यांच्यात कुठे उजेड दिसतो का ते बघायला.

"नाही," तो म्हणाला. "कुठेच नाही."

तात्या ओंडक्यावरच बसले. मग त्यांनी लेकीला जवळ बोलावलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याच हातानं.

काकूंनी त्या दिवशी दोन कामं केली. त्या अकरा गंजक्या चेनच्या खिळ्यावर तात्यांच्या मशीनवरची चेन बारावी म्हणून टांगली. आणि पाटीवर, जुन्या ओळीखाली, लाल रंगानं एक शब्द वाढवला: कुणालाही. बागवाला रंग सुकेपर्यंत थांबला होता, कारण त्याची चेन अजून मोजायची राहिली होती. बार त्याचा सोळाचाच निघाला. त्यानं ते मुकाट्यानं मान्य केलं.

यानंतर चार-पाच महिन्यांनी तात्या पुन्हा आले. एकटेच, थंडीचे दिवस म्हणून अंगात लांब कोट. काउंटरवर रिकामे हात टेकवून म्हणाले, "वहिनी, चेन द्या. नेहमीची."

काकूंचा हात सवयीनं खिळ्याकडे गेला होता. तो तिथेच थांबला.

"बार दाखवा."

"बार गाडीत आहे. गाडी पार चौकात लावलीय. तोच आहे हो, बदललेला नाही. बहात्तर, एक पॉइंट पाच. तुम्हाला पाठ आहे ना?"

"पाठ आहे. बार आणा."

"गुडघा दुखतोय, वहिनी."

"चहा घ्या, बसा, बरं वाटलं की जा. पण बार आणा."

"मला? बावीस वर्षांनी?"

"तेवीस," काकू म्हणाल्या. "म्हणूनच."

तात्या त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कोटाची बटणं सोडली, आत हात घातला आणि काखेतून बार काढून काउंटरवर ठेवला. पुसून स्वच्छ केलेला.

"न बघता दिली असतीत ना," ते म्हणाले, "तर आज चेन न घेताच परत गेलो असतो."

काकूंना बरंच काही बोलायचं होतं. त्याऐवजी त्यांनी खाचेत गेज घातला, रुंदी पाहिली, कड पाहिली, टोकाचं चाक फिरवलं. मग खिळ्यावरची चेन काढून पत्र्यावर पसरली, एका दाताला खडूची खूण केली, आणि बाहेर गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना पहिल्या दातापासून मोजायला सुरुवात केली. तात्याही काउंटरवर वाकून त्यांच्याबरोबर मोजत होते. बहात्तर भरले.